चार पात्रं, आठ ट्रेट: नव्या कॅम्पेनच्या तयारीच्या नोंदी

२ जून

नवं कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी एक गोष्ट, पाथफाइंडर या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पहिल्या आवृत्तीत खेळायचं आणि गोष्ट मी चालवायची, हे आज नक्की झालं. पैझो कंपनीने २००९ साली आणलेली, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ नियमांच्या सांगाड्यावर उभी असलेली ती आवृत्ती. २०१९ची दुसरी आवृत्तीही कपाटात आहे, पण मला ज्याच्याशी खेळायचंय ते तिच्यात नाही. तिथे जुने ट्रेट, म्हणजे पात्राच्या भूतकाळातून येणारे छोटे फायदे, गेले आणि पात्राचा पूर्वेतिहास बॅकग्राउंडमधून यायला लागला. सुटसुटीत आहे ते, पण बाजारात हिंडून निवडण्याची मजा गेली.

खेळणारे चौघे. धाकटा दीर योद्धा घेणार, दुसरं काही तो खेळत नाही. ऑफिसातली मैत्रीण क्लेरिक, म्हणजे देवाच्या मंत्रांनी बरं करणारी. भाचा जादूगार, एल्फ. लेक अर्धी एल्फ रेंजर, धनुष्यवाली. रोग (rogue), म्हणजे चोर-भामटा, कुणालाच नको. म्हणजे कुलपं, सापळे, थापा मारणं, गल्लीबोळातली माहिती हे सगळं उघड्यावर पडलं. रोगला दर लेव्हलला आठ अधिक बुद्धीचा मॉडिफायर (त्या क्षमतेतून येणारा अधिक-उणे आकडा) एवढे स्किल रँक (कौशल्यांत टाकायचे गुण) मिळतात, योद्ध्याला आणि क्लेरिकला दोन अधिक. तो एक माणूस टेबलावर नसला की किती भोकं पडतात ते अशा वेळी कळतं.

काम असं: पहिल्या लेव्हलची चार पात्रं, क्षमतांसाठी (डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विझडम म्हणजे शहाणपण, करिझ्मा म्हणजे छाप, वगैरे) वीस पॉइंट, प्रत्येकाला दोन ट्रेट. या आठ ट्रेटमध्ये जमतील तेवढी भोकं बुजवायची.

५ जून

ट्रेटचा हिशोब एकदाच लिहून ठेवते, चौघांना चारदा समजावायला नको.

ट्रेट २०१०च्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेयर्स गाइडमध्ये आले. नव्या पात्राला दोन मिळतात आणि एकाची किंमत साधारण अर्ध्या फीटएवढी (फीट म्हणजे पात्राला मिळणारी खास करामत), असं पुस्तकच सांगतं. दोन्ही एका गटातले घेता येत नाहीत. कॉम्बॅट, फेथ, मॅजिक, सोशल हे मूळ गट. त्याशिवाय वंश, प्रदेश, देवता, कॅम्पेन यांचे वेगळे.

स्किल सुधारणाऱ्या बहुतेक ट्रेटचा मजकूर दोन तुकड्यांचा असतो: अमुक स्किलवर +१, आणि ते स्किल तुमच्यासाठी कायम क्लास स्किल, म्हणजे तुमच्या क्लासचं (योद्धा, रोग असा पेशा) हक्काचं स्किल. सगळे पहिला तुकडा वाचतात. स्किल वापरताना वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला आकडा मिळवायचा; त्यात +१ म्हणजे ५%, पूर्ण संध्याकाळ खेळूनही त्याने काही घडलं असं दाखवता येईलच असं नाही. कमाई दुसऱ्या तुकड्यात आहे. क्लास स्किलमध्ये एक रँक टाकला की सरळ +३ मिळतात. म्हणजे जे स्किल तुमच्या क्लासच्या यादीत नाही, तिथे ट्रेटची किंमत +४, फाशावर २०%. जे यादीत आधीच आहे तिथे तोच ट्रेट ५%चा. आणि रँक टाकलाच नाही तर ते +३ येत नाहीत, नुसता +१ उरतो.

एकाच स्किलवर दोन ट्रेटचे बोनस घेतले तर बेरीज होत नाही, मोठा धरायचा. हे भाच्याला आत्ताच सांगून ठेवलं पाहिजे.

अर्ध्या फीटला +४ मिळतात हे जरा अतीच आहे. स्किल फोकस नावाचं पूर्ण फीट आहे, ते +३ देतं. दहा रँक झाल्यावर त्याचे +६ होतात, तोवर अर्धं फीट पूर्ण फीटच्या पुढे. दहा रँक दहाव्या लेव्हलशिवाय होत नाहीत, आणि आमचं कुठलंच कॅम्पेन आजवर तिथे पोचलेलं नाही.

८ जून

चौघांच्या क्लास स्किलच्या याद्या शेजारीशेजारी लावल्या. आधी वाटलं होतं, जे कुणाच्याच यादीत नाही त्यावर खूण करायची की झालं. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा होता: हे स्किल एकाला आलं तर पुरतं, की सगळ्यांना यावं लागतं?

कुलूप एकाने उघडलं की सगळे आत जातात. राक्षस कुठला ते एकाने ओळखलं की बाकीच्यांना सांगता येतं. डिप्लोमसीत, म्हणजे मन वळवण्यात, एक बोलतो, दुसरा साथ देतो. साथ देणाऱ्याने १० गाठले की बोलणाऱ्याला +२. इथे एकच माणूस निवडून त्याच्यावर सगळं लादायचं.

परसेप्शन, म्हणजे नजर आणि कान, तसं नाही. खोली धुंडाळताना एकाची नजर पुरते, पण कुणी दबा धरून बसलं असेल तर ज्याला दिसलं नाही तो सरप्राइज राउंडमध्ये नुसता उभा. क्लेरिकने पाहिलं म्हणून योद्ध्याची तलवार बाहेर येत नाही. हे ज्याचं त्यालाच लागतं. आणि गंमत अशी की योद्धा, क्लेरिक, जादूगार, तिघांच्याही यादीत परसेप्शन नाही.

स्टेल्थ तिसऱ्याच प्रकारचं. पूर्ण टोळी लपत निघाली की सगळ्यात वाईट माणूस ठरवतो. योद्ध्याच्या चेनमेल चिलखताचा दंड −५, डेक्स्टेरिटीचे +२, बेरीज −३. आर्मर एक्स्पर्ट ट्रेटने दंड एकाने कमी होतो, म्हणजे −२. याच्यावर ट्रेट खर्च करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. स्टेल्थ यादीतून काढून टाकलं. लपायचं असेल तेव्हा योद्ध्याने मागे थांबावं.

राहिलं: परसेप्शन तिघांना, डिसेबल डिव्हाइस (कुलपं, सापळे) एकाला, ब्लफ (थापा) एकाला.

ज्ञानाच्या स्किल्सची काळजी नाही. जादूगाराच्या यादीत सगळ्या आहेत आणि त्याच्याकडे इंटेलिजन्स १८. धर्म क्लेरिक बघेल, भुयारं रेंजर.

९ जून

खोडलेले ट्रेट, कारणांसह, कारण हे पुन्हा कुणीतरी विचारणार आहे.

मॅजिकल नॅक: कास्टर लेव्हल (मंत्र कुठल्या लेव्हलच्या ताकदीने पडतो ते) +२, पण स्वतःच्या एकूण लेव्हलच्या वर जात नाही. दोन क्लास मिसळणाऱ्यांसाठी आहे. सरळ जादूगाराला शून्य फायदा. नवे खेळाडू नावाला भुलतात.

डेंजरसली क्युरियस: यूज मॅजिक डिव्हाइस क्लास स्किल होतं, वर +१. जिथे तिथे सुचवला जाणारा ट्रेट, कारण त्याने कुणीही बरं करणारी कांडी चालवू शकतो. पण कांडीसाठी २० गाठावे लागतात आणि पहिल्या लेव्हलला बरा करिझ्मा धरूनही +७च्या वर गाडी जात नाही, म्हणजे ४०%. आणि आमच्याकडे गरजच नाही. क्युअर लाइट वूंड्स रेंजरच्या मंत्रयादीत आहे, त्यामुळे मंत्र टाकता येत नसतानाही रेंजर त्याची कांडी पहिल्या दिवसापासून फासा न टाकता चालवते. क्लेरिक बेशुद्ध पडली तरी सोय आहे. कांडी ७५० सोन्याच्या नाण्यांची, ५० वेळा चालते. ती कुठल्या तरी खजिन्यात ठेवायची हे माझं काम.

१३ जून

रेंजरची कुलपं. आजची पूर्ण संध्याकाळ यातच गेली आणि मला ती आवडली.

व्हॅगाबाँड चाइल्ड हा प्रादेशिक गटातला, शहरी पोराचा ट्रेट. डिसेबल डिव्हाइस, एस्केप आर्टिस्ट, स्लाइट ऑफ हँड यांपैकी एक निवडायचं. त्यावर +१ आणि ते क्लास स्किल. रेंजरच्या यादीत डिसेबल डिव्हाइस नाही, म्हणजे पूर्ण +४ वसूल.

लेकीची डेक्स्टेरिटी १७, मॉडिफायर +३. एक रँक. उत्तम प्रतीची हत्यारं घेतली, १०० नाण्यांची, तर +२. ट्रेटशिवाय +६, ट्रेटसह +१०.

आता कुलपं. साध्या कुलपाचा डीसी (गाठायचा आकडा) २०, मध्यमाचा २५, चांगल्याचा ३०, अव्वल दर्जाच्याचा ४०. कुलपाला घाई नसेल तर वीस धरता येतात: दोन मिनिटं लागतात आणि फाशावर वीस पडल्यासारखं मोजायचं. +६ असेल तर २६, मध्यम कुलूप उघडलं, चांगलं नाही. +१० असेल तर बरोबर ३०. चांगलं कुलूप पहिल्याच लेव्हलला, एकही आकडा वाया न घालवता!

मग चिलखताकडे लक्ष गेलं. तिच्या शीटवर स्टडेड लेदर होतं, त्याचा दंड −१, आणि तो दंड डिसेबल डिव्हाइसलाही लागतो. म्हणजे +९, म्हणजे २९, म्हणजे कुलूप बंद. साधं लेदर घेतलं तर दंड शून्य, संरक्षण एकाने कमी. तिला विचारलं. "आई, बाण मारायला मी मागेच उभी असते ना?" साधं लेदर.

सापळ्यांवर वीस धरता येत नाहीत, कारण पाच किंवा जास्तने चुकलं तर सापळा उडतो. मूळ पुस्तकातला बाणाचा सापळा आणि खड्ड्याचा सापळा, दोघांचाही डीसी २०. +६ ला यश ३५% आणि उडण्याची शक्यता ४५%. म्हणजे हात लावण्यापेक्षा लांबून काठी मारलेली बरी. +१० ला यश ५५%, उडणं २५%. काठी ठेवून द्यायला हरकत नाही.

जादूचे सापळे मात्र तिला निकामी करता येणार नाहीत, त्याला रोगचं ट्रॅपफाइंडिंग लागतं. ट्रॅप फाइंडर नावाचा ट्रेट ते देतो, पण तो ममीज मास्क या छापील कॅम्पेनचा, ओसिरिऑन या वाळवंटी देशातल्या थडग्यांसाठी बेतलेला कॅम्पेन ट्रेट आहे. आमची गोष्ट त्या वाळवंटापासून फार लांब. एका ट्रेटच्या किमतीत रोगची अख्खी ओळख देऊन टाकणं मला तसंही पटत नाही. नाही म्हटलं.

१६ जून

दीर जेवायला आला होता. योद्ध्याची शीट भाजी-भाकरीच्या शेजारी.

त्याला हवे होते बुली आणि रिच पेरेंट्स. "वहिनी, गुंड आहे आणि बापाकडे पैसा आहे. असे चार तरी लोक तुम्हाला आपल्याच कॉलनीत दाखवतो."

बुली इंटिमिडेटवर (धमकावण्यावर) +१ देतो आणि ते क्लास स्किल करतो. पण इंटिमिडेट योद्ध्याच्या यादीत आधीच आहे. करिझ्मा ८, म्हणजे −१. एक रँक, क्लास स्किलचे तीन, एकूण +३. बुलीने +४. त्याला आकडे दाखवले, त्याने खांदे उडवले.

रिच पेरेंट्सने सुरुवातीला ९०० नाणी मिळतात. योद्ध्याला एरवी सरासरी १७५ मिळतात, त्यामुळे मोह होणारच. पण नियमांतल्या तक्त्याप्रमाणे दुसऱ्या लेव्हलच्या पात्राकडे साधारण १,००० ची मालमत्ता असावी, तिसऱ्याला ३,०००. म्हणजे बाकीचे काही आठवड्यांत तिथे पोचणार आणि याचा एक ट्रेट कायमचा संपलेला. एकदाच खेळायच्या गोष्टीत मी स्वतः हा घेईन. लांबच्या खेळात नाही.

मी सीकर सुचवला: परसेप्शन +१, क्लास स्किल. विझडम १२, एक रँक. +२ चे थेट +६. त्याचं म्हणणं, "योद्ध्याने बघायचं कशाला, मारायचं." हे वाक्य मी जपून ठेवलंय. दुसरा ट्रेट रिअ‍ॅक्शनरी, इनिशिएटिव्हवर (लढाईत आधी कोण ते ठरवणाऱ्या आकड्यावर) +२, तो स्वतःहून म्हणाला. जगातला प्रत्येक दुसरा योद्धा तोच घेतो, आणि त्याबद्दल कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सीकरवर त्याने हो म्हटलेलं नाही. आकडे काढून दाखवते म्हटलं.

२० जून

काढले. समोर एक गोब्लिन, दबा धरून. बेस्टिअरी या राक्षसांच्या पुस्तकातल्या गोब्लिनचं स्टेल्थ +१०. निवांत बसलाय म्हणून फाशावर दहा पडल्यासारखे धरले, एकूण २०. अंतर वगैरे सोडून दिलं. चौघांनी परसेप्शनमध्ये एकेक रँक टाकलाय असं धरून:

योद्धा, +२: दिसण्याची शक्यता १५%. सीकरसह ३५%.
क्लेरिक, विझडम १८, +५: ३०%. ट्रेटसह ५०%.
जादूगार, एल्फपणाचे दोन धरून +४: २५%. ट्रेटसह ४५%.
रेंजर, यादीत आहेच, अर्ध्या एल्फपणाचे दोन, +८: ४५%.

कुणीच ट्रेट घेतला नाही तर चौघंही गाफील सापडण्याची शक्यता साधारण २५%. योद्धा आणि क्लेरिकने घेतला तर १३%. जादूगारानेही घेतला तर १०%. म्हणजे पहिल्या दोघांनी निम्मं काम केलं, तिसऱ्याने फारसं नाही. जादूगाराचा ट्रेट दुसरीकडे वापरायला मोकळा.

क्लेरिकसाठी आइज अँड इअर्स ऑफ द सिटी मिळाला. देवता गटातला, अबादारच्या भक्तांसाठी: मोठ्या शहराच्या तटावर पहारा देत देत झालेली धर्मशिक्षा. परसेप्शन +१, क्लास स्किल. अबादार शहरांचा, व्यापाराचा, कायद्याचा देव. मैत्रीण आयुष्यभर ऑडिटमध्ये आहे. ती म्हणाली, "हा देव मला आधी का नाही दाखवलास?" तिचा दुसरा ट्रेट बर्थमार्क, फेथ गटातला: मोहिनी आणि मन वळवणाऱ्या मंत्रांविरुद्ध +२. फेथ आणि देवता हे वेगळे गट, त्यामुळे चालतं. स्किलशी संबंध नाही, पण तिच्या वाटच्या स्किलचं काम एका ट्रेटमध्ये झालंय.

दिराला हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. उत्तर: अंगठा. तो हो असतो.

२२ जून

जादूगार. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नियमांचं पुस्तक नोटीस वाचावी तसं वाचतो, पळवाट कुठे आहे ते शोधत.

ब्लफ चौघांपैकी कुणाच्याच यादीत नाही. सरळ उपाय फास्ट-टॉकर: +१ आणि क्लास स्किल. जादूगाराचा करिझ्मा ८. एक रँक धरून त्याने +४ मिळतात. त्याऐवजी स्टुडंट ऑफ फिलॉसफी. हा बोनस देत नाही, क्लास स्किलही करत नाही. एवढंच म्हणतो की डिप्लोमसीत मन वळवताना आणि ब्लफमध्ये थाप खपवताना करिझ्माऐवजी इंटेलिजन्स धरा. −१ च्या जागी +४. एका ट्रेटने पाचाची उडी, तीही दोन स्किलवर. ब्लफ शून्यावरून +५, डिप्लोमसी शून्यावरून +५. माहिती काढत हिंडताना आणि लढाईत हूल देताना चालत नाही, ते ठीक आहे.

ज्या क्षमतेवर पात्राने सगळे पॉइंट ओतलेत ती दुसऱ्या स्किलला जोडून देणारे हे ट्रेट मला क्लास स्किलवाल्यांपेक्षाही जास्त वजनाचे वाटतात. क्लास स्किलचे +३ तेवढेच राहतात. इंटेलिजन्स मात्र चौथ्या, आठव्या लेव्हलला वाढत जाते आणि हे स्किल तिच्याबरोबर फुकटात चढतं.

डिप्लोमसी क्लेरिककडे आहेच, +६. मग जादूगाराची कशाला? साथ द्यायला. १० गाठायचे, +५ असताना ८०% वेळा जमतं, शून्य असताना ५५%.

मग भाच्याची मागणी आली: "मावशी, मला परसेप्शनही हवं." सीकर सोशल गटातला, स्टुडंट ऑफ फिलॉसफीही सोशल, दोन्ही जमत नाहीत हे त्याने माझ्या आधी पाहिलं होतं. "मग माझा जादूगार पण अबादारचा भक्त. लहानपणी तटावर होता." एल्फ आहे, अरण्यात वाढला, असं त्यानेच आठवड्यापूर्वी लिहून दिलंय. भक्ती इतकी झटकन लागलेली मी फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री पाहिली आहे. नाही.

पुढची मागणी: ड्रॉबॅक. २०१३च्या अल्टिमेट कॅम्पेनमध्ये एक वैगुण्य पत्करलं की तिसरा ट्रेट मिळतो. त्याने मेटिक्युलस शोधलं होतं, ज्या स्किलमध्ये रँक नाही तिथे −२. सात रँक असलेल्या जादूगाराला ते लागणार कुठे? पोहणं, चढणं, लपणं. आणि पोहायची वेळ आली की हा उडायचा मंत्र काढणार. ज्या वैगुण्याने टेबलावर काही बिघडत नाही त्याच्या बदल्यात ट्रेट देणं मला मान्य नाही. ड्रॉबॅक या कॅम्पेनमध्ये कुणालाच नाही, असं ठरवून टाकलं, म्हणजे भाचा म्हणायला नको की मावशी माझ्यावरच.

दुसरा ट्रेट फोकस्ड माइंड, मॅजिक गटातला, एकाग्रतेवर +२. शत्रू अंगावर असताना पहिल्या पातळीचा मंत्र सांभाळून टाकायला १७ लागतात. +५ ला ४५%, +७ ला ५५%. तो खूश नाही, पण समजलाय.

२७ जून

गोष्ट मॅग्निमारमध्ये सुरू करते, पाथफाइंडरच्या जगातल्या व्हॅरिसिआ प्रदेशातलं मोठं बंदर. क्लेरिक तिथल्या तटावर पहारेकरी होती, रेंजर तिथल्याच रस्त्यावर वाढलेली. म्हणजे दोघींची गाठ आधी पडली असणार, आणि ती फारशी गोड नसणार. दोघींना न सांगता एकच प्रश्न वेगवेगळा पाठवला: ज्या रात्री पळालीस / जिला पळू दिलंस, त्या रात्री काय झालं? उत्तरं जुळायला नकोत अशी इच्छा आहे.

आकडे बघून निवडलेले ट्रेट आणि त्यातून न मागता आलेली ही गोष्ट. निवडताना एवढंच पाहिलं होतं की परसेप्शनसाठी दुसरा गट शिल्लक आहे का.

३० जून

चाचणीची संध्याकाळ. मॅग्निमारमधलं एक गोदाम, एक चांगलं कुलूप, फिरता पहारेकरी.

कुलूप दोन मिनिटांत उघडलं, ठरल्याप्रमाणे ३०. पण पहारेकरी तिसऱ्या मिनिटाला येणार हे मी आधी सांगितलेलं, त्यामुळे ती दोन मिनिटं चौघं खुर्चीच्या कडेवर. वीस धरणं म्हणजे कंटाळवाणं असं समजणाऱ्यांनी शेजारी घड्याळ लावून बघावं.

पहारेकरी आला. भाच्याने सांगितलं की आम्ही मालाचा विमा तपासायला आलोय. फासा बरा पडला, थाप पचली. क्लेरिकला ऑडिटचे शब्द पुरवावे लागले.

स्टेल्थ अपेक्षेप्रमाणे बोंबललं. योद्ध्याला बाहेर ठेवायचं ठरलं होतं, तो राहिला नाही.

७ जुलै

एक काम राहिलं होतं. अर्ध्या एल्फला पहिल्या लेव्हलला स्किल फोकस फुकट मिळतं. लेकीने ते कशावर लावायचं?

डिसेबल डिव्हाइसवर लावलं तर +१३: सापळ्यावर यश ७०%, उडणं फक्त १०%. परसेप्शनवर लावलं तर +११: सापळा दिसण्याची शक्यता ४५% वरून ६०%.

घाईत चालताना सापळा दिसणं आणि निकामी होणं, दोन्ही एकत्र धरलं तर पहिल्या पर्यायात साधारण ३२%, दुसऱ्यात ३३%. काहीच फरक नाही. वेळ असेल तर परसेप्शनवर वीस धरून २८ होतात, सापळा दिसतोच, आणि मग डिसेबल डिव्हाइस उघड पुढे. दबा धरणाऱ्यांसाठी परसेप्शन पुढे. कुलपांना या तिनाने काही मिळत नाही, ३३ आणि ३० च्या मध्ये कुठलंच कुलूप नाही.

माझं मत परसेप्शन, कारण फासा त्याचाच सगळ्यात जास्त पडतो. ती म्हणाली, सापळा फुटला की तो माझ्या हातात फुटतो, तुझ्या नाही. डिसेबल डिव्हाइस. पात्र तिचं आहे.

तिचा दुसरा ट्रेटही रिअ‍ॅक्शनरी. आठही झाले: सीकर, रिअ‍ॅक्शनरी, आइज अँड इअर्स, बर्थमार्क, स्टुडंट ऑफ फिलॉसफी, फोकस्ड माइंड, व्हॅगाबाँड चाइल्ड, रिअ‍ॅक्शनरी. आठांपैकी चारच स्किलचे.

१४ जुलै

पहिला खरा खेळ. शहराबाहेरच्या रस्त्यावर गोब्लिन, २० जूनच्या हिशोबातलेच, मुद्दाम.

रेंजरला दिसले नाहीत. क्लेरिकला नाही, जादूगाराला नाही. योद्ध्याने १५ टाकले, अधिक सहा, २१. एकटा तोच जागा. सीकर नसता तर १७, आणि चौघंही उभेच्या उभे. तो पुढे जाऊन जादूगाराच्या आणि झुडपांच्या मध्ये उभा राहिला, आणि जादूगार पहिल्या लेव्हलला सहा-सात हिट पॉइंटांचा (म्हणजे तेवढाच मार सोसणारा) असतो हे लक्षात घेता भाच्याने त्याला चहा करून द्यायला हरकत नव्हती. "योद्ध्याने बघायचं कशाला" हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं.

क्लेरिक आणि रेंजरची त्या रात्रीची उत्तरं अजिबात जुळलेली नाहीत. उत्तम.

पुढची अडचण आत्ताच दिसतेय. लेकीला चौथ्या लेव्हलला एक लेव्हल रोगची घ्यायची आहे, जादूच्या सापळ्यांसाठी. अर्ध्या एल्फला दोन आवडते क्लास (ज्यांच्या लेव्हलला जादा बोनस मिळतो ते) धरता येतात, त्यामुळे तिला ते परवडतं. पण रोग झाली की डिसेबल डिव्हाइस तिच्या यादीत आपोआप येतं, आणि व्हॅगाबाँड चाइल्डच्या +४ मधले तीन जागच्या जागी मेले. तिथून तो ५%चा ट्रेट. रोग नक्की असेल तर निवड आत्ता बदलून एस्केप आर्टिस्ट किंवा स्लाइट ऑफ हँड घ्यावं का, तर नाही, तीही रोगच्या यादीत आहेत. दुसराच ट्रेट घ्यायचा तर पहिल्या तीन लेव्हल आकडा चाराने खाली, म्हणजे स्किल फोकस धरूनही पहिल्या लेव्हलला वीस धरल्यावर २९, आणि दुसरा रँक पडेपर्यंत मॅग्निमारमधली चांगली कुलपं बंद. तिसरा मार्ग, रोग घेताना एकदाच ट्रेट बदलायची मुभा. मी तिकडे झुकतेय, पण मग ती चौघांना द्यावी लागेल आणि भाचा चौथ्या लेव्हलपर्यंत अबादारची पूजा सुरू करेल.

दुसऱ्या लेव्हलचे रँक पुढच्या रविवारी. दिराला परसेप्शनमध्ये रँक टाकायची आठवण करायची. या वेळी तो स्वतःच टाकेल असं वाटतं.